वीतभर अलीकडे

रेवण ढमालेनं उभ्या जन्मात तंबाखूला बोट लावलं नव्हतं. वडील तंबाखूपायीच गेले, तेव्हापासून घरात पुडी म्हणून आली नव्हती. आणि तरीही त्या मंगळवारी सकाळी, समोर चहाचा कप वाफाळत असताना, त्याचा डावा तळहात आपोआप उताणा झाला आणि उजवा अंगठा त्यावर फिरायला लागला. बराच वेळ मळणं झालं. मग दोन बोटांनी थापटणं झालं, वरचा भुगा उडावा म्हणून फुंकर झाली, आणि चिमूट ओठांपाशी गेल्यावर गडी भानावर आला.

सुलक्षणा, त्याची बायको, पोरीचा डबा भरता भरता थांबली होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"कुठं काय?"

"हात बघा तुमचे."

त्यानं बघितलं. तळहात कोरडा ठणठणीत, चिमटीत काही नाही.

"गेनूमामा करायचे असं," ती हळूच म्हणाली. "अगदी हेच. थापटायच्या आधी करंगळी वर करायचे, तीसुद्धा केलीत तुम्ही."

आठ वर्षांची राही टेबलाखाली पाय हलवत बसली होती. तिला भारी गंमत वाटली. "बाबा, परत करा ना!"

रेवणनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. गेनूमामांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता हे हात असे का वागत होते ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. भुताखेताची गोष्ट नाही ही. निदान सुरुवातीला तरी नव्हती.

रेवण व्यावसायिक गोल्फर. जन्मला मात्र कॅडीच्या घरात, पुण्याच्या मुळाकाठ गोल्फ क्लबच्या कुंपणाला चिकटलेल्या वस्तीत. कॅडी म्हणजे साहेबलोकांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर टाकून अठरा होल त्यांच्या मागं चालणारा माणूस. सोमवारी क्लब साहेबांना बंद असायचा आणि त्या दिवशी कॅडींनी खेळायचं, असा रिवाज. गेनूमामा शिळीमकर रेवणच्या आईचे सख्खे भाऊ, आणि त्या सोमवारच्या राज्याचे राजे.

गोल्फमध्ये लांब टोला हाणायला कुणीही शिकतो हो. खरी परीक्षा ग्रीनवर, त्या दाढी केल्यासारख्या गुळगुळीत हिरवळीवर. तिथं पटर नावाच्या काठीनं बॉल हलकेच ढकलून होलात घालायचा, त्याला पट म्हणतात. दोनशे यार्डांचा टोला आणि दोन फुटांचा पट, दोन्हींचा हिशेब एकेकच फटक्याचा. मामा चपला काढून अनवाणी ग्रीनवरून चालत जायचे आणि उतार कुठं, किती, ते त्यांच्या तळव्यांना समजायचं. "बॉलाला मारू नगंस, लेका. त्याला धाडून दे," एवढंच त्यांचं शास्त्र. त्या एवढ्याशा शास्त्रावर त्यांनी भाच्याला घडवला, आणि पंचविशीत रेवण देशातल्या पहिल्या दहांत गेला. पाच स्पर्धांत दुसरा आला. पहिला मात्र एकदाही नाही. लोक म्हणायचे, पोराचं नशीब फुटकं.

मग रेवणनं हातचं सोडलं आणि पळत्याच्या पाठीमागं लागला. दुसरा येतो तो तंत्र कच्चं म्हणून, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. बारा कॅमेऱ्यांपुढं तो पट मारायला लागला. पटरचं तोंड अर्धा अंश उघडं राहतंय, मनगट दोन अंश वाकतंय, डोकं हलतंय. वर्षभरात सगळं दुरुस्त झालं आणि पट पडायचेच बंद झाले. आधी शेवटच्या होलवर हात आखडायला लागले, मग सतराव्यावर, मग सगळीकडं. मनगटाला असा झटका बसायचा की दोन फुटांवरचा बॉल पाच फूट पलीकडं जायचा. वय झालं अडतीस. २०४३चा हंगाम संपताना यादीत पहिल्या पन्नासांत नाव नसेल तर खेळायचा परवाना जाणार होता. आणि परवाना गेला की मुळाकाठला जाऊन परत बॅग उचलायची, दुसरं काही येत नव्हतं त्याला.

अशा वेळी त्याला डॉ. केतकी खासनीसांची आठवण झाली.

या बाईंचं काम असं होतं. आपण म्हणतो, मी हात हलवला. पण हात हलायच्या आधीच डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू अंदाज बांधून मोकळा झालेला असतो: जोर किती, थांबायचं कुठं, आणि बॉल लागल्यावर हाताला काय जाणवेल. जाणवलेलं त्या अंदाजाशी जुळलं की आपण म्हणतो, हां, बरोबर लागला. तंत्र शब्दांत शिकवता येतं. हा अंदाज शिकवता येत नाही, कारण मेंदूच्या ज्या भागात तो राहतो तिथं शब्दांना प्रवेशच नाही. खासनीसबाईंनी डोक्यावरच्या टोपीतून त्या भागातले चुंबकीय तरंग टिपले आणि मनगटावरच्या पट्ट्यातून स्नायूंचे संदेश. हजारो वेळा टिपल्यावर इकडचंतिकडचं गळून जातं आणि त्या माणसाच्या हाताची एक आकृती उरते. तिला त्या 'छाप' म्हणायच्या. दुसऱ्या माणसाच्या कानामागं रुपयाएवढी चकती चिकटवायची. हात हलायच्या क्षणभर आधी ती अल्ट्रासाऊंडच्या लहरींनी तीच आकृती त्याच्या लहान मेंदूत जागी करायची. सक्ती नाही, नुसता कानमंत्र. मेंदूला तो स्वतःचाच अंदाज वाटतो.

गेनूमामांची छाप घेतली होती त्यांच्या शेवटच्या वर्षी, आणि त्यांना तिथं नेलं होतं रेवणनंच. चार महिने, सुट्ट्या वगळून रोज जाऊन म्हाताऱ्यानं नऊ हजार पट मारले. आदल्या वर्षी स्पर्धांचे नियम बदलले होते. छाप वापरायला परवानगी, फक्त ती नोंदलेली हवी आणि चालू असताना चकतीवरचा हिरवा दिवा पंचांना दिसायला हवा.

रेवणनं चकती लावली, प्रयोगशाळेतल्या हिरव्या गालिच्यावर पहिला पट मारला, आणि पटर टाकून ढसाढसा रडला.

"मॅडम, मामा आहेत हो आत."

"छाप आहे, रेवण," खासनीसबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे दोन महिने म्हणजे चमत्कारच. वीस फुटांवरून पट पडायला लागले. रेवण परत वर्तमानपत्रात आला. फक्त चकती काढल्यावरही हात काही पूर्ण परत मिळेनात. तंबाखूचं तर सांगितलंच. विमानतळावर एका गृहस्थानं सूटकेस खाली ठेवली, तर रेवणनं ती उचलून खांद्यावर मारली आणि दहा पावलं चालूनही गेला. त्या माणसानं आरडाओरडा केला तेव्हा कुठं थांबला. स्पर्धेत खेळताना तो प्रतिस्पर्ध्याच्या काठ्या टॉवेलनं पुसायला लागला. कुणी मोठ्या आवाजात बोललं की त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागं जाऊन एकमेकांत गुंतायचे आणि मान खाली जायची. सुलक्षणा एकदा म्हणाली, "माझ्या खांद्यावर हात ठेवता ना, तेव्हा मला कळत नाही कुणाचा आहे." त्यानं दोन्ही हात खिशात घातले. पण चकती वापरणं काही त्यानं सोडलं नाही. परवाना हवा होता, आणि खरं सांगायचं तर मामांची सोबतही हवी होती.

आणि मग ते वीतभराचं प्रकरण सुरू झालं.

अहमदाबादला शेवटच्या होलवर पाच फुटांचा पट होता. पडला असता तर स्पर्धा जिंकली असती. बॉल अगदी रेषेत गेला आणि होलाच्या वीतभर अलीकडं थांबला. लोक हळहळले. पुढच्या महिन्यात कोलकात्याला शेवटच्या होलवर सात फूट, वीतभर अलीकडं. मग चंडीगड, तीन फूट. पोरंसोरं घालतील असा पट. तोही वीतभर अलीकडं.

खासनीसबाईंनी आकडे काढले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तेवीस सेंटीमीटर. तेवीस. साडेबावीस. रेवण, चूक अशी नसते. चूक इकडंतिकडं पडते. हे कुणीतरी नेम धरून केलंय."

"मी नाही केलं."

"माहीत आहे." त्यांनी मामांच्या चार महिन्यांच्या नोंदी पडद्यावर आणल्या. "रोज सत्र संपताना मी त्यांना म्हणायचे, मामा, आता शेवटचा एक. हे बघा ते सगळे शेवटचे पट. सत्त्याण्णव दिवस, सत्त्याण्णव वेळा अलीकडं. आम्हाला वाटायचं म्हातारा माणूस, दमला असेल."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. गेनूमामांची मेल्यावरही गेली नव्हती.

रेवण तिथून थेट वस्तीत गेला. दुपारची वेळ होती. हौसामामी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तो शेजारी टेकला, आणि बोलायच्या आधीच त्याचा अंगठा तळहातावर फिरायला लागला. मामीनं ते पाहिलं. शेंगांचं सूप बाजूला सारलं, त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली.

"ह्यांचा हात हाय ह्यो," ती म्हणाली. "कुठनं आणलास रं?"

त्यानं जमेल तसं सांगितलं. मग वीतभराचं सांगितलं. मामीनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग हसलीच.

"येकदाच घातला व्हता त्येंनी शेवटचा. लगीन नवं व्हतं आमचं. येक साहेब म्हनाला, गेनू, आज माझ्यासंगं खेळ, नाष्ट्याची पैज. ह्ये खेळले. शेवटच्या होलावर ह्येंचा पट पडला आन् साहेब हारला, चार मान्सांम्होरं. साहेबानं पाठ थोपाटली, शाब्बास म्हनाला. दुसऱ्या दिशी गेटावर बिल्ला काढून घेतला ह्येंचा. पाच म्हैनं गेटाभायेर उभं ऱ्हायलं त्ये. मी पोटुशी व्हते. त्ये पोर काय जगलं न्हाई."

रेवणला हे काहीच ठाऊक नव्हतं.

"मंग घेत्लं परत. तवापासनं शिकले. आरं, हारनं सोपं न्हाई, बाबा. मुद्दाम सोडला ह्ये साहेबाला कळलं तर त्यो बी अपमानच. बॉल पडता पडता ऱ्हायला पायजे. साहेबाच्या तोंडातनं 'अरेरे, गेनू!' निगाय पायजे. दर सोमवारी सगळे खेळून घरी गेले की ह्ये येकटेच त्ये घोटीत बसायचे. वीतभर अलीकडं, वीतभर अलीकडं. पट घालायचा हात त्येंना देवानं दिलेला. ह्यो त्येंनी सोता कमावला."

रेवण उठला. साऱ्या वस्तीनं ज्या हाताला देवाचा हात म्हटलं, त्या हाताची सगळ्यात मोठी कला हरण्याची होती. आणि ती इतकी सफाईदार की चाळीस वर्षांत एकाही साहेबाला संशय आला नाही.

खासनीसबाईंनी तेवढा भाग छापेतून कापून पाहिला. उरलेल्या छापेनं रेवण पट मारायला लागला तर बॉल कुठल्या कुठं. बाईंनी तीन वेळा वेगवेगळ्या जागी कापून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

"निघत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "बॉल नेमका कुठं थांबवायचा, याचा एवढा बारीक अंदाज त्यांना आला तो त्यातूनच. ते काढलं की स्पर्श जातो. ठेवलं की तुम्ही शेवटी हरणार. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

हंगामातली एकच स्पर्धा उरली होती, नागपूरला. हंगामाची सुरुवात इतकी वाईट गेली होती की रेवण यादीत अजून बावन्नावाच.

चारही दिवस तो मामांच्या हातानं खेळला आणि झकास खेळला. शेवटच्या होलवर आला तेव्हा गणित साधं होतं. चार फुटांचा सरळ पट. पडला तर एकोणपन्नासावा, परवाना शाबूत. दुसरा पट लागला तर संपलं.

त्यानं पटर काखेत धरला, हात कानामागं नेला आणि चकती बंद केली. हिरवा दिवा विझला. पंचांनी वहीत नोंद केली. लोकांत कुजबुज झाली. चमत्काराचा हात खुंटीला टांगून हा माणूस आपल्या झटके खाणाऱ्या हातांनी मारणार होता.

"मामा," तो पुटपुटला, "तुम्ही जरा बाजूला व्हा. इथं साहेब कुणी नाही. माझी पोरगी टीव्हीवर बघतेय, तेवढीच."

मग त्यानं बारा कॅमेऱ्यांपुढं शिकलेलं सगळं एकेक करून आठवलं. डोकं स्थिर. मनगट सरळ. पटरचं तोंड काटकोनात. आणि काय आश्चर्य, झटका बसला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे स्वतःचे हात शांत होते. बॉल निघाला तो थेट होलाच्या मधोमध. लोकांनी हात वर केले. रेवणनंही केला.

बॉल थांबला.

 रेवण चालत गेला, गुडघ्यावर बसला आणि बॉल आणि होल यांच्यामध्ये स्वतःचा पंजा पसरून ठेवला. अंगठा बॉलला लागला, करंगळी होलाच्या काठाला.

"चकती बंदच होती," संध्याकाळी फोनवर खासनीसबाई सांगत होत्या. "मी नोंद तीनदा तपासली. कदाचित उरलेला परिणाम असेल. मेंदू जुळवून घेतो, काही आठवडे..."

"मॅडम, मी पंचविशीत पाच वेळा दुसरा आलो होतो. त्यांची चित्रीकरणं असतील. शेवटचे पट मोजा."

त्यांनी मोजले. तासाभरानं त्यांचा फोन आला, पण आकडा सांगायची त्यांना हिंमत होईना. रेवणनंच सांगितला, "तेवीस," आणि त्या हो म्हणाल्या.

त्याला सगळं आठवलं होतं, त्या ग्रीनवर गुडघ्यावर बसल्या बसल्याच. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मामांनी त्याला पहिल्यांदा एका साहेबांबरोबर खेळायला नेलं होतं. अठराव्या होलवर बॉलपाशी उभा असताना मामा मागून आले, चपला हातात, आणि त्याचं मनगट धरून हळूच म्हणाले, "ह्यो आपला न्हाई." एवढंच. प्रेमानं म्हणाले. कान पिळून सांगितलं असतं तर पोरगं विसरलं असतं किंवा बंड करून उठलं असतं. पण ते प्रेमानं सांगितलं होतं, म्हणून ते हातात मुरलं आणि डोक्याला पत्ता लागला नाही. मग सारं तरुणपण लोक म्हणत राहिले नशीब फुटकं, आणि तो आपलं तंत्र दुरुस्त करत राहिला. त्याला मामांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला आणि इतका आला की हॉटेलच्या खोलीत तो एकटाच मोठ्यानं ओरडला. मग शरमला, आणि मग पुन्हा रडला.

पुण्याला परतल्यावर चार दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. ताट समोर यायचं आणि तसंच परत जायचं.

पाचव्या दिवशी शाळेतून आल्यावर राही तिचा छोटा पटर घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. "बाबा, खेळायचं?"

नाही म्हणवेना. त्यांनी हॉलमध्ये सतरंजी अंथरली. टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवला, तो होल. पाच पाच पट मारायचे, ज्याचे जास्त तो जिंकला. पोरगी गुणी होती. कुणी न शिकवता बॉल धाडून द्यायची. चार चार झाले तेव्हा दोघांचे तीन तीन पडले होते. रेवणनं पाचवा मारला, तो पेल्याच्या काठाला लागून बाहेर गेला. तो मनापासून हसला. पोरीकडून हरायचं म्हणजे काय आनंदाची गोष्ट!

"चल, मार. जिंकलीस तू."

राहीनं बॉल ठेवला. एकदा पेल्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. आणि मारला. बॉल सरळ गेला, हळू हळू होत गेला, आणि पेल्याच्या वीतभर अलीकडं थांबला.

"अरेरे!" राही म्हणाली. कपाळावर हातही मारून घेतला.

रेवणनं पटर खाली ठेवला. तो सतरंजीवर तिच्यासमोर बसला.

"राही, मुद्दाम सोडलास?"

"नाही."

"खरं सांग, बाळा."

पोरीनं पटरच्या टोकानं सतरंजीचा दोरा उकरला. "तुम्ही हरलात की जेवत नाही," ती म्हणाली. "मग आई पण जेवत नाही."

सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं तोंडावर हात घेतला. रेवणनं बॉल उचलला आणि परत राहीच्या पायापाशी ठेवला. या वेळी हात त्याचेच होते.

"परत मार," तो म्हणाला. "घाल आत. हरव मला."

"पण बाबा..."

"मी जेवीन. आज, उद्या, रोज जेवीन, शप्पथ. तू घाल."

राहीनं पटर बॉलमागं टेकवला. मग तिनं मारला. बॉल पेल्यात शिरला आणि तळाला खणकन वाजला.

रेवण दोन्ही हात वर करून उठतच होता. तेवढ्यात पोरीनं घाईघाईनं मागं वळून त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी, बाबा."